सासूबाईंनी पाहिलेली तीन पाळणाघरं

माझी रजा संपायला आठ दिवस उरले होते आणि घरात दोन लेकरं होती. थोरला अडीच वर्षांचा, धाकटी सात महिन्यांची. माझी नोकरी नांदेडला, विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. नवरा लातूरला सरकारी कचेरीत, शनिवारी संध्याकाळी येणार आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत जाणार. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली. सासरे अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, त्यामुळं सासूबाईंना गाव सोडता येत नव्हतं. थोरल्याला इतके दिवस शेजारच्या काकूंनी सांभाळलं होतं, पण त्या आता लेकाकडं पुण्याला राहायला गेल्या होत्या. राहता राहिलं पाळणाघर.

मी तापट आहे. हे माझं मीच सांगून टाकते, म्हणजे इतरांना त्रास नको. कामाला लागले की मला मध्ये कुणी बोललेलं खपत नाही. मी दोन संध्याकाळी बसून फोन केले, ओळखीच्यांना विचारलं, यादी केली, यादीतली निम्मी नावं खोडली आणि नवऱ्याला सांगितलं की दोन ठिकाणं बघायची, एक ठरवायचं, विषय संपला. त्यानं ही गोष्ट आपल्या आईच्या कानावर घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा फोन.

"मी येऊन राहिले. तुझ्या मामंजींजवळ नणंद बसते आठ दिवस."

"आई, कशाला दगदग? मी बघते ना."

"माणसं बघितल्याबिगर लेकरू कुणाच्या घरात ठिवायचं न्हाई," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं. तिथं आमच्या सगळ्या भावकीत सासूबाई एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहेत. कुणाच्याही मुलीचं स्थळ बघायला जायचं असलं की जीपमध्ये पहिली जागा त्यांची. मुलाचं शिक्षण, नोकरी, जमीन हे पुरुषांनी विचारायचं. सासूबाई मागच्या दारी जाऊन मोरी बघतात, शेजारणीशी बोलतात, घरातली सून कशी चालते ते बघतात. आणि जिथं त्या "न्हाई" म्हणतात, तिथं लग्न होत नाही. त्यांनी कारण सांगितलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. मला मात्र कारण लागतं. म्हणून आमचं दोघींचं बाहेर गेलं की जमत नाही, घरात छान जमतं.

बसमधून उतरल्या त्या ज्वारीच्या पिठाची पिशवी, शेंगदाण्याची चटणी आणि धाकटीसाठी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या चार मऊ दुपट्यांसह. थोरला त्यांच्या पायांना जो चिकटला तो घरी येईपर्यंत सुटला नाही. ऑटोत बसल्याबरोबर धाकटीचा पाय पदराखाली घेऊन त्या चोळत बसल्या. मला त्या क्षणी त्यांचा राग येणं शक्यच नव्हतं. राग दुसऱ्या दिवशी सुरू झाला.

पहिलं पाळणाघर माझ्या यादीत सगळ्यात वर होतं. काचेचं दार, भिंतीवर जिराफ, मोबाईलवर कॅमेरा, सगळ्या बायांना एकसारखे अॅप्रन. तिथल्या मॅडमनी आम्हाला वेळापत्रक दाखवलं. दीड वर्षापासून पुढच्या मुलांना सव्वादहा ते पावणेअकरा बुद्धिविकास होता. आमच्या या दोन जिल्ह्यांत लेकरू पाय टाकायला लागलं की ते कुठल्या क्लासला जाणार याची चर्चा सुरू होते, त्यामुळं मला त्यात वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. सासूबाई वेळापत्रकाकडं न बघता पलीकडच्या खोलीत ओळीनं लावलेल्या पाळण्यांकडं बघत होत्या.

"हितली लेकरं रडत न्हाईत का?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीला रडतात, आजी. आम्ही लगेच उचलत नाही. मग सवय मोडते," मॅडम हसून म्हणाल्या.

सासूबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "जरा पाणी मिळंल का?"

कोपऱ्यातल्या मशीनमधून कागदी कपात पाणी आलं. मॅडमनी स्वतःही एक कप भरून घेतला. सासूबाई पाणी प्यायल्या, बाहेर आल्या आणि चप्पल घालता घालता म्हणाल्या, "न्हाई."

"का पण?"

"रडलेलं लेकरू उचलायचं न्हाई म्हणतात. मग सांभाळतेत म्हंजी काय करतेत?"

धाकटी माझ्या खांद्यावर होती आणि तिनं नेमका तेव्हाच गळा काढला. मी तिला थोपटत होते आणि मनात सासूबाईंशी भांडत होते. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की बाटलीभर पाणी त्यांच्याच पिशवीत होतं. मग तिथं मागायचं काय कारण? म्हातारपण, म्हणून मी सोडून दिलं.

दुसरं ठिकाण मला मनापासून आवडलं. चांगल्या वस्तीतलं घर, पुढं तुळस आणि मोगरा, एक पन्नाशीच्या बाई आणि त्यांच्या हाताखाली दोघी जणी. घर इतकं स्वच्छ की थोरल्यानं पायातल्या सँडल स्वतःहून काढल्या. असं त्यानं आमच्या घरात आजपर्यंत केलेलं नाही. पाच-सहा मुलं एका चटईवर बसून खिचडी खात होती. सगळ्यांची ताटं सारखी, स्टीलची, मधे खण असलेली. त्या बाईंचं बोलणं फार गोड. त्यांनी मुलांची नावं विचारली, वयं विचारली. मग आडनाव. आडनाव ऐकून जरा थांबल्या.

"मूळचे कुठले तुम्ही?"

मी गाव सांगितलं.

"अच्छा. आणि कुलदैवत कोणतं तुमचं?"

सासऱ्यांच्या आजोबांच्या काळापासून आम्ही बौद्ध आहोत. मी सरळ तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "छान, छान. आमच्याकडं तसं काही नसतं हं. सगळी मुलं सारखीच." पुढं नियम सांगितले. डबा घरून द्यायचा. ताट, वाटी, पेला हेही घरूनच द्यायचं, लहान मुलांचं इन्फेक्शन फार असतं. मी मान डोलावत होते. मला ते पटलंसुद्धा.

सासूबाईंनी पाणी मागितलं. बाई आत गेल्या. कपाटावर एक बंद पाकीट होतं. ते फोडून त्यातला कागदी कप काढला आणि त्यातून पाणी आणलं. सासूबाई दोन घोट प्यायल्या, कप स्वतःच नेऊन केराच्या डब्यात टाकला आणि धाकटीला कडेवर घेऊन दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

रस्त्यावर माझा तोल गेला. "तुम्हाला इथंही नाही म्हणायचंय ना? आई, सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय. इथं आमच्याजवळ तुम्ही राहिला असता तर वेगळं. ते जमत नाही, मग निदान मला तरी ठरवू द्या!"

हे मी बोलायला नको होतं. सासरे जागचे हलू शकत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांनी ऑटोला हात केला, आम्ही बसलो, आणि बरंच अंतर गेल्यावर त्याच म्हणाल्या, "तिथल्या लेकरांची ताटं बघितली?"

"बघितली. सारखी होती सगळी."

"सारखी हुती. म्हंजी त्या घरची हुती. तुझ्या लेकरानं ताट घरून न्यायचं."

"आई, ते स्वच्छतेसाठी. आणि कागदी कप म्हणत असाल, तर काल पहिल्या ठिकाणीही कागदीच होता. तेव्हा काही बोलला नाहीत."

"तिथं सगळ्यालाच कागदी हुता."

मी मनातून हरले नव्हते, म्हणून घरी आल्यावर पुन्हा सुरू केलं. आता तसं काही राहिलेलं नाही, माणसं बदललीत, मी सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, आम्ही सगळ्यांच्या घरी जेवायचो, वगैरे वगैरे. त्या धाकटीला पायांवर घेऊन बसल्या होत्या. पाय लांब केलेले, पिंडऱ्यांवर पोर, आणि पाय डावी-उजवीकडं हलवत तिला झोपवत होत्या. माझं सगळं बोलून झालं तेव्हा त्या सांगायला लागल्या.

"आमच्या शाळंत माठ व्हता. मास्तर चांगला माणूस. कधी मारलं न्हाई मला. पण माठाला हात लावायचा न्हाई. एक पोरगी वरून पाणी वतायची अन् म्या खाली वंजळ धरायची. निम्मं पाणी कोपरावरून पोलक्यात जायचं. घरी गेले की माय विचारायची, पोलकं कशानं भिजलं गं? म्या म्हणायची, सांडलं. मला वाटायचं, समद्या पोरींला पाणी पिता येतं, मलाच येत न्हाई."

पाय हलत राहिले. मग म्हणाल्या, "ही काय सांगणार तुला? अन् त्यो तरी काय सांगंल? लेकराला वाटतं, आपलंच कायतरी चुकलं."

मला एकदम एक घर आठवलं. शाळेतल्या मैत्रिणीचं. तिच्या घरी सगळे स्टीलच्या पेल्यातून पाणी प्यायचे आणि मला तेवढा फुलांचा काचेचा ग्लास मिळायचा. मी वर्षानुवर्षं तो पाहुणचार समजत होते. आईला कौतुकानं सांगायचे. आई ऐकून घ्यायची आणि काही म्हणायची नाही. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही, पण पाळणाघराची यादी घडी करून डब्याखाली सारली आणि त्यांच्यासाठी चहा टाकला.

तिसरं पाळणाघर गिरणीत सापडलं. गुरुवारी सासूबाई दळण घेऊन गेल्या आणि अर्ध्या तासाचं काम करून दोन तासांनी परत आल्या, कपाळावर पिठाचा पट्टा घेऊन. तिथं बसलेल्या बायांकडून त्यांनी आमच्या भागातल्या निम्म्या घरांची माहिती काढली होती. एक बाई आहेत, आधी अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता घरीच लेकरं सांभाळतात, पाटी नाही, जाहिरात नाही. "चल," त्या म्हणाल्या. मी कॅमेऱ्याचं नावही काढलं नाही.

दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत एक पोर जुन्या टायरमध्ये बसून गाडी चालवत होतं, दोघं त्याला ढकलत होती. आतल्या खोलीत भिंतीवर देव्हारा, त्यात हळदीनं माखलेला देवाचा टाक. त्याच्याखाली त्या बाई पाय पसरून बसलेल्या, पायांवर एक तान्हं. अगदी सासूबाई बसतात तशा.

"या माय, बसा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उठता येईना मला. हे आत्ताच डोळा लावून राहिलंय."

आम्ही बसलो. थोरला लगेच टायरकडं पळाला. बाईंनी आडनाव विचारलं नाही, काहीच विचारलं नाही, त्यांचं सगळं लक्ष त्या तान्ह्याच्या पापण्यांकडं. सासूबाई म्हणाल्या, "जरा पाणी मिळंल का?" आणि या वेळी मीही बाईंच्या तोंडाकडं बघायला लागले. दोन दिवसांपूर्वी ज्या पाण्यावरून मी चिडचिड केली होती, त्याच पाण्याची आता मीच वाट बघत होते.

"माठ तिथं कोपऱ्यात हाय. घ्या की हातानं," बाई म्हणाल्या. "अन् येताना मलाबी एक पेला आणा. सकाळधरनं घसा कोरडा पडलाय, ही पलटण उठूच देईना."

सासूबाई उठल्या. माठाजवळ गेल्या आणि तिथं क्षणभर नुसत्याच उभ्या राहिल्या. मग झाकण काढलं, ओगराळ्यानं पाणी घेतलं, पेला भरला. आधी बाईंना आणून दिला. बाईंनी एका दमात संपवला आणि "अजून" म्हणून पुढं केला. सासूबाईंनी पुन्हा भरला. त्यानंतर स्वतः प्यायल्या.

पण त्या सासूबाई आहेत. अंधारात तीर मारणं त्यांना मान्य नाही. समोर येऊन बसल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "बाई, आधीच सांगते. आमी बौद्ध हावोत."

बाईंनी वर बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या. "पोरीला दात आले का?"

मला हसूच फुटलं. सासूबाईंनी माझ्याकडं डोळे वटारले, पण त्यांच्याही ओठांचा कोपरा हलत होता.

मग बाईंनी विचारायला सुरुवात केली. दात खालचे का वरचे? पायावर झोपते का झोळीत? झोपताना काय ऐकायची सवय आहे? थोरला शूला काय म्हणतो? पडल्यावर उगी रडतो का खरं रडतो? कशाला घाबरतो? कुकरच्या शिट्टीला, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग भात आधी लावून ठेवत जाईन." आतापर्यंत कुणी मला माझ्या मुलांबद्दल इतकं विचारलं नव्हतं. बालरोगतज्ज्ञांनीही नाही.

मीही माझं काम केलं. मोरीची पायरी गुळगुळीत आहे, भिंतीत एक खिळा खाली आहे, टीव्ही चालू आहे. सगळं बोलून दाखवलं. बाई रागावल्या नाहीत. "पायरीचं खरं हाय. तुमचे मालक शनवारी येतेत म्हणलात न्हवं? त्यांला म्हणावं, जरा खरबरीत करून द्या." टीव्ही एकच तास असतो, भाकरी थापायच्या वेळी, आणि तो बंद होणार नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं. खिळा मात्र थोरल्याला टायरमधून बाहेर काढायच्या आधीच उपटला.

रस्त्यावर मी विचारलं, "मग? हो ना?"

"पाणी पिलं म्हणून लगेच लेकरू कोण देतं?" सासूबाई म्हणाल्या. शुक्रवारी आणि शनिवारी त्या दोन्ही लेकरांना घेऊन दिवसभर तिथं जाऊन बसल्या. परत आल्या त्या बाईंच्या तीन मुलींची आणि एका जावयाची सगळी कुंडली घेऊन. शनिवारी संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं पँट गुडघ्यापर्यंत वळवून मोरीची पायरी सिमेंटनं खरबरीत केली. रविवारी सासूबाईंना बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी थोरल्याच्या तोंडावरून हात फिरवला, मला म्हणाल्या, "ध्यान ठेव," आणि पदर डोळ्यांना लावला. मीही रडले. नवरा इकडंतिकडं बघत राहिला.

पहिल्या आठवड्यात धाकटी रोज रडली आणि मी रोज ग्रंथालयात पुस्तकं चुकीच्या फळीवर लावली. संध्याकाळी सासूबाईंचा फोन यायचा. खाल्लं का, झोपली का, पडला का. त्यानंतर न चुकता एक प्रश्न, "तिथं समदं ठीक हाय न्हवं?" त्या प्रश्नाचा अर्थ आता मला कळत होता. मी "हो" म्हणायचे. पण दिवसभर तर मी तिथं नसायचे. ते मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस कॉलेज दुपारीच सुटलं. मी न कळवता पाळणाघराकडं वळले. पडवीत पाऊल ठेवलं तेवढ्यात आतून बाईंचा चढलेला आवाज आला.

"दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा न्हाई! किती येळा सांगितलं रे तुला?"

आत माझा थोरला उभा होता. हातात ज्वारीच्या पिठाचा धपाटा, त्याचा एक घास तोडलेला. त्याच्यासमोर एक बारकी पोरगी ताटाशी बसून रडत होती. मी एक चप्पल काढलेली, एक पायात, अशी जागच्या जागी थिजले. दुसऱ्याच्या ताटात हात. सासूबाईंना आता तसं काही राहिलेलं नाही म्हणणारी मी, पण त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. ही बाई शेवटी तसलीच निघाली. मी तोंड उघडलंच होतं.

बाईंचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी थोरल्याच्या हातातून तो दातांच्या खुणा असलेला धपाटा काढून घेतला. मोडून एक तुकडा त्या रडणाऱ्या पोरीच्या तोंडात कोंबला, एक याच्या. "मागायचं. हिसकायचं न्हाई. कळलं का?" पोरगी हुंदके देत देत चावायला लागली. हाही चावायला लागला. बाईंच्या हातात एक तुकडा उरला होता, त्याला याची लाळ लागलेली. तो त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला, हात पदराला पुसला आणि धाकटीला मऊ भात भरवायला वळल्या. तेव्हा त्यांना मी दिसले.

"आलात व्हय? एवढ्या लवकर? काय झालं, बरं न्हाई का?"

"काही नाही," मी म्हणाले. खाली बसून उगाच दुसऱ्या चपलेचा बंद सोडवत राहिले, कारण डोळे भरून आले होते.

घरी येऊन धाकटीला खाली ठेवलं आणि सासूबाईंना फोन लावला. ताटापासून सगळं सांगितलं. माझा राग कसा आला, तेही सांगितलं.

"त्या बाईनं खाल्ला?"

"हो."

"ह्याचा उष्टा?"

"हो, आई. मी डोळ्यांनी बघितलं."

मग त्यांनी घसा साफ केला.

"मग आता तिनं त्याला दोन रट्टे दिले तरी मला फोन करून सांगू नको."